व्हर्जिनिया, मुंबई आणि केंटमधलं एक गाव

मुंबई कागदोपत्री एकेकाळी इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या एका गावाला जोडलेली होती, असं सांगितलं तर कुणीही म्हणेल, काहीतरीच काय! पण २७ मार्च १६६८ च्या सनदेत तसं लिहिलंय. दुसऱ्या चार्ल्स राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, भाडं वर्षाला दहा पौंड, आणि जमीन धरायची ती 'केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरप्रमाणे'. मॅनर म्हणजे आपल्या शब्दांत जहागीर. माहीमच्या नारळाच्या वाड्या आणि थेम्स नदीकाठचं ते गाव, दोन्हींची वहिवाट एकच.

गंमत अशी की हे शब्द मुंबईसाठी घडवलेलेच नव्हते. त्याआधी ६२ वर्षं, एप्रिल १६०६ मध्ये, पहिल्या जेम्स राजाने अमेरिकेचा किनारा व्हर्जिनिया कंपनीला दिला तेव्हाही हीच ओळ होती. जुना मसुदा पुढे ओढायचा आणि दिलेल्या मुलखाचं नाव तेवढं बदलायचं, ही कचेरीतली सवय किती जुनी आहे बघा.

या ओळीमागे एक हिशेब होता. इंग्लंडच्या कायद्यात सगळी जमीन शेवटी राजाची. बाकीचे ती राजाकडून काही ना काही अटीवर धरतात. काही अटी फार जाचक असत: लढाईला घोडेस्वार पुरवा, वारस अज्ञान असेल तर त्याचं पालकत्व आणि उत्पन्न राजाकडे. ईस्ट ग्रीनिचची पद्धत सगळ्यांत हलकी. ठरलेलं भाडं द्या, राजाशी इमान राखा, बाकी जमीन विका, वाटा, मुलांना द्या. ज्या किनाऱ्यावर राजाचा पाय कधी पडणार नाही, तिथे लोकांनी पैसा लावावा असं वाटत असेल तर अटी हलक्याच ठेवायला हव्यात, हे वकिलांना बरोबर कळलं होतं. 'विका, वाटा' हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढचं बरंचसं त्यांतून निघतं.

कंपन्यांच्या आधी हा उद्योग एकेकट्या बड्या माणसांनी करून पाहिला होता. हंफ्री गिल्बर्टने १५८३ मध्ये न्यूफाउंडलंडवर इंग्लंडचा हक्क जाहीर केला आणि परतीच्या वाटेवर जहाजासकट बुडाला. त्याचा सावत्र भाऊ वॉल्टर रॅले याने १५८४ मध्ये राणी एलिझाबेथकडून परवाना मिळवला. स्वतः तो उत्तर अमेरिकेत कधीच गेला नाही, माणसं पाठवत राहिला. १५८७ मध्ये जॉन व्हाइट नावाचा चित्रकार सुमारे ११५ बायका-पुरुष-मुलं घेऊन रोआनोक बेटावर उतरला. १८ ऑगस्टला त्याला तिथे नात झाली, तिचं नाव व्हर्जिनिया डेअर. दहा दिवसांतच रसद आणायला म्हणून आजोबा इंग्लंडला परतले. पुढच्या वर्षी स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं, जहाजं अडकली, आणि व्हाइट परत पोचला तो थेट ऑगस्ट १५९० मध्ये. घरं मोडून नेलेली. कुंपणाच्या एका खांबाची साल सोलून त्यावर अक्षरं कोरलेली: क्रोअटोअन. संकटात असाल तर नावावर क्रूस कोरा, असं आधी ठरलं होतं. क्रूस नव्हता.

या 'हरवलेल्या वसाहती'वर आजवर भुताखेतांपर्यंत सगळं लिहून झालंय. मला तरी त्यात फारसं गूढ दिसत नाही. क्रोअटोअन हे जवळच्याच बेटाचं आणि तिथल्या लोकांचं नाव. उपाशी माणसं ओळखीच्या शेजाऱ्यांकडे गेली आणि जाताना पत्ता लिहून गेली. वादळामुळे व्हाइटला तिथवर जाता आलं नाही, इतकंच.

रॅलेसारख्या श्रीमंताचाही खिसा याला पुरेना. मग हा धंदा लंडनच्या व्यापाऱ्यांनी आपल्या रीतीने हातात घेतला. ती रीत म्हणजे भागभांडवल. शंभर जणांनी थोडे थोडे पैसे घालायचे, बुडाले तर कुणी एकटा रस्त्यावर येत नाही. ३१ डिसेंबर १६०० ला सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी याच जातीची, आणि व्हर्जिनिया कंपनीही त्याच मुशीतली. दोन्हींच्या वरच्या खुर्चीत बराच काळ एकच माणूस होता, सर थॉमस स्माइथ. एका बाजूला मिरी-लवंगांची जहाजं, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनियाची.

१६०९ मध्ये व्हर्जिनियाचा एक शेअर साडेबारा पौंडांना होता. पैसे नसले तर स्वतः जहाजात बसायचं, जाणाऱ्याचा जीव हाच त्याचा शेअर. त्या काळच्या इंग्रजीत पैसे लावून घरी बसणाऱ्याला 'ॲडव्हेंचरर' म्हणत आणि प्रत्यक्ष जाणाऱ्याला 'प्लँटर'. साहस पैशाचं, माणसं नुसती लावायची. 'प्लँटेशन' या शब्दाचाही त्या काळचा अर्थ ऊस-कापसाचा मळा असा नव्हता, माणसांची लावणी असा होता. ही लावणी इंग्रजांनी आधी शेजारच्या आयर्लंडमध्ये करून पाहिली होती. आयरिश जमीनदारांच्या जमिनी जप्त करायच्या आणि तिथे आपली कुळं बसवायची.

राजाने खिशातून काही घातलं नाही. सापडलेल्या सोन्याचांदीचा पाचवा हिस्सा मात्र सनदेत लिहून घेतला.

डिसेंबर १६०६ मध्ये तीन जहाजं लंडनहून निघाली. वरचा कप्तान ख्रिस्तोफर न्यूपोर्ट. सोबत एक मोहोरबंद पेटी होती, वसाहतीचा कारभार कोण बघणार त्यांची नावं त्यात, आणि ती पोचल्यावरच उघडायची. म्हणजे चार महिने समुद्रात कुणालाच माहीत नाही की आपल्यातला साहेब कोण. एप्रिल १६०७ मध्ये पेटी उघडली तर सातांत एक नाव निघालं जॉन स्मिथचं. तो तेव्हा बंड केल्याच्या संशयावरून जहाजातच कैदेत होता.

नदीला राजाचं नाव दिलं, गावालाही: जेम्सटाउन. जागा निवडली ती स्पॅनिश जहाजांची नजर चुकवायला नदीत बरीच आत. तिथे काठालाच पाणी इतकं खोल की जहाजं झाडांना बांधता येत. युद्धाच्या दृष्टीने उत्तम, राहायला भयंकर. भोवती दलदल, आणि उन्हाळ्यात नदीचं पाणी मचूळ होई, कारण भरतीचं खारं पाणी तिथवर चढतं. १०४ पुरुष आणि पोरगे उतरले होते, बाई एकही नाही. त्यांतले कितीतरी घरंदाज, म्हणजे हाताने काम करण्याची सवय नसलेले. जानेवारी १६०८ मध्ये पुढची रसद आली तेव्हा ३८ जण जिवंत होते.

नुसता आळस नव्हता. तिथल्या जुन्या सायप्रस झाडांच्या खोडातली वलयं मोजून संशोधकांनी दाखवलंय की १६०६ ते १६१२ हा सात वर्षांचा काळ त्या भागात ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा होता. इंग्रज जाऊन पडले ते नेमके दुष्काळात. मका मागायचा कुणाकडे, तर ज्यांच्याकडे स्वतःलाच पुरेसा नव्हता त्यांच्याकडे.

ते 'ते' म्हणजे कोण? हा मुलूख ओसाड नव्हता. वाहुनसेनाकाव नावाच्या राजाच्या हाताखाली तीसेक जमाती होत्या, इंग्रज त्याला पोहाटन म्हणत. तो भोळा आदिवासी सरदार वगैरे बिलकुल नव्हता. या नव्या लोकांकडे तांब्याची भांडी आहेत, कुऱ्हाडी आहेत, बंदुका आहेत, पण खायला नाही, हे त्याने पहिल्याच हंगामात ओळखलं. स्मिथला त्याने सुचवलं की जेम्सटाउन सोडा, माझ्या गावाजवळ येऊन राहा, मी मका देतो, तुम्ही लोखंडाची अवजारं करून द्या. त्याच्या हिशेबात इंग्रज म्हणजे आणखी एक मांडलिक गाव.

लंडनच्या कंपनीचा हिशेब नेमका उलटा. तिने १६०८ मध्ये तांब्याचा एक मुकुट पाठवला. पोहाटनला राज्याभिषेक करायचा, म्हणजे तो जेम्स राजाचा मांडलिक ठरेल. पोहाटन म्हणाला, मी राजा आहे, जेम्सटाउनला येणार नाही, तुम्ही या. न्यूपोर्ट गेला. मुकुट घ्यायला गुडघे टेकायचे असतात, हे काही त्याला पटेना. शेवटी खांदे दाबून त्याला जरासं वाकवलं आणि झटकन मुकुट चढवला. बदल्यात त्याने न्यूपोर्टला आपले जुने जोडे आणि अंगावरची शाल दिली. कोण कुणाचा मांडलिक झाला, हे ज्याने त्याने आपापल्या परीने समजून घेतलं.

पुढच्या वर्षी संबंध बिघडले. १६०९ च्या उन्हाळ्यात मोठा काफिला निघाला, पण मुख्य जहाज वादळात बर्म्युडाला आपटलं. जखमी स्मिथ इंग्लंडला परतला. पोहाटनच्या माणसांनी तटाबाहेर पडणं मुश्कील केलं. तो हिवाळा 'उपासमारीचा काळ' म्हणून ओळखला जातो. शेकडो माणसांतली वसंतात साठेक उरली. घोडे, कुत्रे, उंदीर, जोड्यांचं कातडं, सगळं खाऊन झालं. माणसं माणसांना खाल्ली, असं तेव्हाच्या लिखाणात येतं. ते खरं की तिखटमीठ, हा वाद बरीच वर्षं चालला. २०१२ मध्ये जेम्सटाउनच्या एका तळघरातल्या कचऱ्यात चौदाएक वर्षांच्या मुलीची कवटी सापडली. तिच्यावर सुरीचे घाव होते, आधी चाचरत मारलेले, मग नीट. वाद मिटला.

जून १६१० मध्ये उरलेल्यांनी गाव सोडलंसुद्धा. जहाजं नदीतून खाली निघाली होती, आणि वाटेतच नवा गव्हर्नर लॉर्ड डेलावेअर रसद घेऊन येत असल्याचं कळलं. परत फिरले. एक-दोन दिवसांचा फरक पडला असता तर जेम्सटाउन हीसुद्धा आणखी एक फसलेली वसाहत म्हणून तळटिपेत गेली असती. तशा फसलेल्या पुष्कळ आहेत. त्याच १६०७ मध्ये मेन प्रांतात वसवलेलं पोपम एका हिवाळ्यानंतर ओस पडलं, ते कुणाला आठवतंय?

जेम्सटाउन वाचवलं ते तंबाखूने. आधी सोनं शोधून झालं, काच करून झाली, रेशमाचे किडे आणून झाले. तिथले लोक ओढत ती तंबाखू कडू, लंडनला ती रुचेना. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने वेस्ट इंडिजकडचं गोड बी मिळवून लावलं. (पोहाटनची मुलगी पोकाहोंटास हिच्याशी १६१४ मध्ये लग्न केलं तो हाच. लोक समजतात तसं जॉन स्मिथशी तिचं काही नव्हतं.) १६१७ मध्ये सुमारे २०,००० पौंड वजनाची तंबाखू इंग्लंडला गेली. पुढच्या दशकाच्या अखेरीस हा आकडा दहा लाखांच्या वर गेला. जेम्सटाउनच्या गल्ल्यांतसुद्धा तंबाखू लावलेली होती. खुद्द जेम्स राजाने १६०४ मध्ये तंबाखूच्या धुराला शिव्या घालणारी पुस्तिका लिहिली होती. जकात मात्र त्याने आनंदाने घेतली. साधारण त्याच वर्षांत असद बेग विजापूरहून तंबाखू घेऊन अकबराच्या दरबारात गेला होता. एकाच पानाने जगाच्या दोन टोकांना एकदम पकडलं होतं म्हणायचं.

इथे यंत्र सुरू होतं, आणि ते कसं चालतं हे नीट बघण्यासारखं आहे. तंबाखू तीन-चार वर्षांत जमिनीचा कस खाते, म्हणून सतत नवी जमीन हवी. लावणी, खुडणी, वाळवणी सगळं हाताचं, म्हणून सतत नवी माणसं हवीत. कंपनीकडे नफा वाटायला पैसे नव्हते, जमीन मात्र ईस्ट ग्रीनिचच्या कृपेने वाटता येण्याजोगी अमाप होती. १६१८ मध्ये कंपनीने नियम केला: जो कुणी एका माणसाचा प्रवासखर्च भरून त्याला व्हर्जिनियात आणील, त्याला त्या डोक्यामागे ५० एकर. दहा जण आणा, ५०० एकर.

लंडनच्या गरीब पोरांकडे भाड्याचे सहा पौंड कुठून येणार? मग करार. मालक भाडं भरणार, पोऱ्या चार ते सात वर्षं त्याच्याकडे राबणार. एकाच कागदावर करार दोनदा लिहीत आणि मधोमध करवतीसारखा वेडावाकडा कापत. दोन तुकड्यांचे दाते जुळले की कागद खरा. दातेरी कापलेला म्हणून 'इंडेंचर'. आपल्या लोकांना पुढे याच शब्दाची ओळख मॉरिशसला आणि फिजीला जाताना 'गिरमिट' म्हणून झाली. व्हर्जिनियात मुदत संपेपर्यंत जगणं हीच मोठी गोष्ट. माणूस मेला तरी मालकाचे ५० एकर कुठे जात नव्हते. १६३५ च्या अशाच एका डोकी-मोजणीच्या यादीत 'टोनी, ईस्ट इंडियन' असं एक नाव आहे. आपल्या बाजूचा कुणीतरी, तिथे कसा पोचला देव जाणे.

बायकाही कंपनीनेच पाठवल्या. १६२१ मध्ये नवरी हवी असेल तर तिच्या प्रवासाचा खर्च म्हणून १५० पौंड चांगल्या पानाची तंबाखू द्यायची. पैसा दुर्मीळ, चलन तंबाखूचंच.

१६१९ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी जवळजवळ एका महिन्यात घडल्या. ३० जुलैला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये ११ वस्त्यांचे २२ प्रतिनिधी जमले. अमेरिकेतली इंग्रजांची ही पहिली निवडून आलेली सभा. उकाडा असा की सहा दिवसांत आटोपती घेतली. आणि ऑगस्टच्या शेवटी 'व्हाइट लायन' नावाचं जहाज नदीच्या तोंडाशी लागलं. पोर्तुगीज गुलामजहाजावरून लुटलेली 'वीस आणि काही' आफ्रिकी माणसं त्यावर होती. ती अंगोलातली. रसदीच्या बदल्यात ती उतरवली गेली. सुरुवातीला गुलाम आणि करारी मजूर यांच्यातली रेघ पुसट होती. ती हळूहळू कायद्याने गडद केली. १६४० मध्ये तिघे मजूर एकत्र पळाले, एकत्र पकडले गेले. दोघा गोऱ्यांची मुदत वाढवली. तिसरा, जॉन पंच, काळा होता. त्याला जन्मभर राबायची शिक्षा. १६६२ मध्ये कायदा आला की मूल आईच्या दर्जाचं धरायचं. गोऱ्या मालकाचं काळ्या बाईपासून झालेलं मूल त्यामुळे त्याचाच गुलाम ठरलं, आणि इंग्लंडमधला बापाकडून वारसा येण्याचा नियम इथे सोयीने गुंडाळून ठेवला.

या सगळ्याचा अंदाज पोहाटनच्या घराण्याला आला नसेल असं नाही. पोकाहोंटास १६१६ मध्ये लंडनला गेली तेव्हा तिच्यासोबत उत्तामाटोमाकिन नावाचा एक जाणता पाठवला होता. त्याला सांगितलं होतं, इंग्रज किती आहेत ते काठीवर खाचा पाडून मोजून ये. बंदरावर उतरला आणि खाचा पाडू लागला. थोड्याच वेळात काठी टाकून दिली. मार्च १६२२ मध्ये पोहाटनचा भाऊ ओपेचांकनो याने एकाच सकाळी सगळ्या वस्त्यांवर हल्ला केला, ३४७ इंग्रज मारले. उशीर झाला होता. इंग्रजांनी याचं निमित्त करून उरलासुरला मुलाहिजा सोडला आणि जमीन घेत सुटले. कंपनी मात्र त्यात बुडाली. १६२४ मध्ये तिची सनद रद्द झाली, व्हर्जिनिया राजाच्या खात्यात गेली. भागधारकांच्या हाती काही आलं नाही.

उत्तरेकडची कहाणी वेगळी, आणि जास्त सांगितली गेलेली, म्हणून थोडक्यात. १६२० मध्ये 'मेफ्लॉवर'मधून आलेले १०२ जण धर्माच्या ओढीने आले हे खरं. पैसा लंडनच्या व्यापाऱ्यांचाच होता. बीव्हरची कातडी पाठवून ते कर्ज फेडायला त्यांना १६४८ उजाडलं. पहिल्या हिवाळ्यात निम्मे मेले. ज्या जागी ते उतरले ते पॅटक्सेट नावाचं गाव साथीने चारच वर्षांत ओस पडलं होतं. त्या गावचा टिस्क्वांटम तेवढा जिवंत होता, कारण साथीआधी एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकलं होतं. तो लंडनमार्गे परत आला, इंग्रजी शिकूनच. शेजारी त्याच्याच गावच्या जमिनीवर वसलेले, आणि त्यांना मका कसा लावायचा हे शिकवणारा तो.

खरी हुशारी मॅसॅच्युसेट्स बे कंपनीची. १६२९ च्या तिच्या सनदेत कंपनीची सभा कुठे भरवायची हे लिहायचंच राहिलं, की मुद्दाम राहू दिलं. जॉन विंथ्रप आणि मंडळींनी सनदच पेटीत घातली आणि १६३० मध्ये जहाजातून अमेरिकेला नेली. सभा आता बॉस्टनला! भागधारक झाले मतदार, वार्षिक सभा झाली विधिमंडळ, कंपनीचा अध्यक्ष झाला गव्हर्नर. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव आजही 'जनरल कोर्ट' आहे. कंपनीच्या सर्वसाधारण सभेला तेव्हा तेच म्हणत. दहा वर्षांत २०,००० च्या आसपास माणसं तिकडे गेली, बहुतेक कुटुंबंच्या कुटुंबं. हवा थंड, पाणी गोड, म्हणून जगली, वाढली.

पण पैशाच्या दृष्टीने पाहिलं तर त्या काळातलं सोन्याचं अंडं ना व्हर्जिनिया होतं, ना बॉस्टन. ते होतं बार्बाडोस. बृहन्मुंबईपेक्षाही लहान बेट, जेमतेम ४३० चौरस किलोमीटर. १६२७ मध्ये इंग्रज तिथे वसले, तंबाखू लावली, ती हलकी निघाली. १६४० च्या दशकात ब्राझीलकडून उसाची आणि साखरेची विद्या आली. ऊस तोडला की तो थांबत नाही, दिवसा-दोन दिवसांत गाळलाच पाहिजे, नाहीतर उतारा पडतो, हे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. म्हणजे शेताशेजारी चरक, चरकाशेजारी काहिली, रात्रंदिवस आग. शेती आणि कारखाना एकाच जागी. हे काम करारी इंग्रज पोरांकडून फार काळ निभेना. आफ्रिकेतून माणसं आणली गेली, मरेपर्यंत राबवली, पुन्हा आणली. १६६१ मध्ये बार्बाडोसने गुलामांसाठी वेगळा कायदाच केला आणि जमैका, कॅरोलिना यांनी तो नमुना उचलला. बेटावर इंचभर जमीन धान्याला उरली नव्हती, म्हणून सुके मासे, लाकूड, घोडे न्यू इंग्लंडमधून, म्हणजे बॉस्टनकडच्या वसाहतींतून येत. बॉस्टनच्या धर्मशील व्यापाऱ्यांची भरभराट या गिऱ्हाइकावर झाली, हे तिकडच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या कहाण्यांत सहसा येत नाही. आणि साखर-तंबाखू इंग्रज जहाजांतूनच, इंग्लंडलाच जाईल, असे कायदे लंडनने १६५१ आणि १६६० मध्ये करून टाकले.

आता पुन्हा मुंबई. एकाच मसुद्याचा कागद, मग मुंबईचं व्हर्जिनिया का झालं नाही? माणसंही फार वेगळी नव्हती. कप्तान न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला आणि १६१७ मध्ये जावातल्या बँटमला वारला. जेम्सटाउनला लष्करी कायद्याने वठणीवर आणणारा सर थॉमस डेल १६१९ मध्ये मच्छलीपट्टणमला मेला. १६६८ च्या सनदेत मुंबईत जन्मलेल्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखेच हक्क दिले होते, व्हर्जिनियासारखेच. सैनिकांना इथेच वसवावं म्हणून कंपनीने इंग्लंडहून बायकाही पाठवून पाहिल्या.

हवेने निकाल लावला, हे एक. बेट ताब्यात घ्यायला १६६२ मध्ये आलेली इंग्रज फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकली आणि सेनापतीसकट बहुतेक तिथेच संपली. 'माणसाचं आयुष्य दोन पावसाळे' अशी मुंबईतल्या इंग्रजांची म्हणच पडली होती.

पण मला मोठं कारण वाटतं ते जमिनीचं. डोक्यामागे ५० एकर द्यायला मुंबईत जमीन कुणाची? प्रत्येक वाडीला मालक होता, आणि मालकाकडे पोर्तुगीज कागद होते. गव्हर्नर जेराल्ड आँजियरला १६७० च्या दशकात या मालकांशी रीतसर तडजोड करावी लागली: त्यांनी वर्षाला ठरीव रक्कम द्यायची, कंपनीने त्यांचे हक्क मान्य करायचे. व्हर्जिनियातही शेतं होती, गावं होती, मालक होते. कागद नव्हते, आणि पुढे साथींनी माणसंही उरली नाहीत. मुंबईत इंग्रज वसत नाहीत म्हटल्यावर आँजियरने सुरतेचे बनिये, पारशी, विणकर यांना बोलावणं धाडलं. धर्मात ढवळाढवळ होणार नाही, अशी हमी देऊन.

आणि शेजार. १६०८ मध्ये इंग्रज पोहाटनच्या डोक्यावर मुकुट ठेवायला गेले होते. जून १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन रायगड चढून गेला तो नजराणा घेऊन. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर राहिला, राजापूरच्या वखारीच्या नुकसानीची भरपाई मागितली, व्यापाराची परवानगी मागितली. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबई बेटाचा बराचसा भाग व्यापला. तेव्हा कंपनीला औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरावा लागला.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांबद्दल जे सांगितलंय त्याचा आशय असा: हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे यांची राज्यं आहेत. वखारीला जागा द्यायचीच झाली तर खाडीकाठी, समुद्रकाठी देऊ नये, आत मोठ्या शहराजवळ खोलगट जागी द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. पोहाटनने स्मिथला आपल्या गावाजवळ बोलावलं होतं, त्यामागेही विचार फारसा वेगळा नसावा. आज्ञापत्र लिहिलं गेलं १७१५-१६ च्या सुमारास. त्याच सुमारास गव्हर्नर चार्ल्स बून मुंबईभोवती दगडी तट उभारत होता. तो तट १८६० च्या दशकात पाडला, पण सीएसएमटीला उतरून तिकडे कामाला जाणारी माणसं त्या भागाला अजून फोर्टच म्हणतात.